वेलीवरची चकती

मुन्झिरच्या दुकानातून छापून निघाल्याशिवाय सीरियातल्या होम्स शहराच्या त्या मोहल्ल्यात कोणी रीतसर मरत नसे. माणूस गेला की त्याच्या नावाचा मोठा कागद भिंतीभिंतीवर लागायचा. तो वाचून लोक दुपारच्या नमाजला जमायचे आणि जनाजा उचलायचे. मुन्झिर आणि त्याचा थोराड प्रिंटर हे काम इमानेइतबारे करत आले होते. लढाईतही दोघे जागचे हलले नाहीत.

त्या सकाळी मोहल्ल्यातली म्हातारी उम रियाद गेली. मुलं परदेशात, घरात एकटी बहीण, बहिया. कागद वेळेत लागला नाही तर म्हातारीला खांदा द्यायला कोण येणार? आणि नेमका मुन्झिरचा जुना कॉम्प्युटर त्याच आठवड्यात बंद पडलेला. मुलाने, यमानने, पाठवलेला नवा कॉम्प्युटर प्रिंटरला ओळखच देईना. दोघांमधला दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, हवा होता. कंपनीने या जुन्या प्रिंटरला केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं, इंटरनेटवरही काही सापडेना. एवढा मोठा कागद छापणारा आसपास दुसरा कोणी नव्हता.

शेजारचा न्हावी अबू सत्तूफ दारात उभा राहून मजा बघत होता. मुन्झिरला तो यमानचा बाप म्हणूनच हाक मारायचा.

"अबू यमान, मोबाइलवर टाक ना बातमी!"

"तिच्या वयाची माणसं भिंत वाचतात. तू गप वस्तरा चालव."

"बरं बाबा. पण प्रिंटरबरोबर सीडी आली असेल ना?"

मुन्झिरने कपाळावर हात मारला. सीडी उम रियादकडेच होती! चिमण्या द्राक्षं खातात म्हणून तिने वेलीवर टांगायला चकचकीत चकत्या मागितल्या होत्या, आणि या शहाण्याने अख्खा ड्रॉवर रिकामा करून दिला होता.

तो धावत तिच्या अंगणात गेला आणि स्टुलावर चढून वेल चाचपू लागला. बहिया बाहेर आली.

"काय रे मुन्झिर, आजच द्राक्षं आठवली?"

"नाही खाला, तिचा कागद इथे अडकलाय."

चकती सापडली, पण उन्हाने तिची पार रया गेली होती. दुकानात येऊन बघतो तर नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नव्हती. पण चकतीवरची अक्षरं वाचता येत होती. आपल्या प्रिंटरच्या नावाशेजारी त्याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रिंटरचं नाव होतं. एका चकतीवर दोघांचं भागत असेल तर? मुन्झिरने कॉम्प्युटरमधली प्रिंटरांची यादी उघडली. त्यात आपला प्रिंटर नव्हता, पण त्याचा तो थोरला भाऊ होता. त्याने त्याचंच नाव निवडलं.

प्रिंटर खाकरला, अडखळला आणि उम रियादचं नाव ठळक बाहेर आलं. इतकी वर्षं कोरड्या डोळ्यांनी नावं छापणाऱ्या मुन्झिरला रडू फुटलं. म्हातारीने आपल्या कागदाची सोय आपणच जपून ठेवली होती. अबू सत्तूफने गिऱ्हाईक अर्धवट भादरून सोडलं आणि खळीचा डबा उचलला.

दुपारी मशिदीबाहेर एवढी गर्दी झाली की खांदा द्यायला मुन्झिरला जागाच मिळेना.

परतताना तो पुन्हा त्या अंगणात गेला. वेलीवर चिमण्या बसल्याच होत्या. त्याने खिशातून चकती काढली आणि बांधू लागला.

"राहू दे रे," बहिया म्हणाली. "आता कोण खाणारे ती द्राक्षं?"

"चाळिसाव्या दिवशी तिच्यासाठी दुआ मागायला हीच सगळी माणसं परत येतील, खाला. त्यांच्यापुढे काय ठेवशील?"