वाफ्यांवरच्या चिठ्ठ्या
सुईत दोरा ओवायला नातीची मदत लागू लागली, तेव्हा शिंप्याने दुकान बंद केलं आणि तिच्याच शाळेत बागेचं काम धरलं. बागेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगी दिवसभर डोळ्यांसमोर राहील, एवढं पुरे होतं. लेकीच्या या लेकीने त्याच्या जिवाला घोर लावला होता.

सात वर्षांची मुलगी, आणि फ्रॉक पाचाच्या मापाचा. सगळे तिला चिमणी म्हणायचे. हिरवं काही ताटात दिसलं की तिची दातखीळ बसायची. शाळेत रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठ.

"गोळ्या देते," नर्सबाई म्हणाल्या, "पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. पालेभाजी पोटात गेली पाहिजे. तीन महिन्यांत वाढलं नाही, तर मोठ्या दवाखान्यात न्या."

शाळेची बाग मुलांच्या दुपारच्या जेवणासाठीच होती. मुलांचं बी पेरून झालं, तेव्हा वर्गाच्या बाईंनी शिंप्याच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. "काका, प्रत्येक वाफ्यावर नाव लावा."

आता जन्मभर कापडाला चिठ्ठ्या टाचलेला माणूस 'नाव' म्हणजे काय समजणार? सदऱ्याच्या चिठ्ठीवर 'सदरा' असं कुठला शिंपी लिहितो? सदरा तर दिसतोच. तो कुणाचा, ते लिहायचं. कुठला वाफा कुणी पेरला ते विचारून त्याने प्रत्येक वाफ्यावर एकेका पोराचं नाव लावून टाकलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काका, भाजीचं नाव! बाग सगळ्यांची आहे." पण तोवर पोरं आपापल्या चिठ्ठीशी पाय रोवून उभी होती. त्यांना हलवायची कुणाची छाती?

चिमणीच्या वाफ्यात पालक होता. ती रोज पाणी घालायची, पानं मोजायची, दुसरं कुणी वाकलं तर अंगावर धावून जायची. पहिली भाजी शिजून पंगतीत आली, तेव्हा तिने पातेल्याचा काठच धरला. "ही माझी आहे. कुणाला द्यायची नाही!"

"मग काय, कपाटात ठेवू?" वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या. "तू खात नाहीस, तर दुसऱ्यांना वाढते."

शेजारणीने ताट पुढे केलंच होतं. चिमणीने ते बघितलं, डोळे घट्ट मिटले आणि पहिला घास कोंबला. दुसरा रागारागाने. तिसरा मात्र सावकाश चावून. खिडकीबाहेर शिंप्याने हसू दाबलं, पण आत पाऊल टाकलं नाही. कौतुक केलं की ही बया थांबेल, हे तो ओळखून होता. त्यानंतर बाईंनीही चिठ्ठ्यांचा विषय काढला नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. लेकीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून शिंपीच नातीला घेऊन गेला. सुई टोचली तिला, घाम फुटला याला. नर्सबाईंनी यंत्राकडे बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "साडेअकरा."

"म्हणजे?"

"म्हणजे दवाखाना नको, काका. घरी जा आणि लेकीला सांगा."

शिंपी मटकन बाकावर बसला. छातीवरचा धोंडा एकदम उतरला आणि डोळ्यांना धार लागली. सगळ्यांदेखत रडताना त्याला जराही लाज वाटली नाही.

चिमणी घाबरली. आजोबांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने बराच विचार केला. मग त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "रडू नका ना. उद्या माझी भाजी तुम्ही खा. सगळी."