चार खिळ्यांची कमान

मी नगरच्या एका कॉलेजात स्थापत्याचा इतिहास शिकवते. हा विषय मुलांना मनापासून नकोसा असतो. पाथर्डी-श्रीगोंद्याहून एस.टी.ने येणाऱ्या पोरांना साइट हवी असते, लवकर नोकरी हवी असते, आणि मी त्यांना जुना युरोप सांगत बसते. आधी नवअभिजात शैली: ग्रीक-रोमन खांब, सगळं मोजूनमापून, डावं तसंच उजवं. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांचे गोल खांब दाखवले की एवढं त्यांना पटतं. मग त्या मोजमापाचाच लोकांना कंटाळा आला आणि ते पडक्या भिंतींच्या, वेली चढलेल्या कमानींच्या प्रेमात पडले. काही श्रीमंतांनी तर आपल्या बागेत नवीकोरी पडकी देवळं बांधून घेतली. इथे वर्ग दरवर्षी हसतो. आणि मग गॉथिकचं पुनरुज्जीवन: टोकदार कमानी, उंच खिडक्या, आणि यंत्राच्या गुळगुळीत कामापेक्षा कारागिराचा चुकतमाकत चालणारा हात मोठा, हा विचार. हा भाग मी फार रंगून शिकवते. माझे वडील दगडकाम करणारे गवंडी, म्हणून असेल.

आबा मिरजगावला राहतात. नगरमधल्या जुन्या कमानी, वेशी, दर्गे यांची डागडुजी करण्यात त्यांचा जन्म गेला. पुढे सगळीकडे कॉलम-स्लॅब आले आणि दगडाच्या गवंड्याला कुणी बोलवेना. आठ वर्षं ते घरी बसून होते. छिन्न्यांना तेल लावायचे आणि परत गोणपाटात गुंडाळून ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी हायवेपासून थोडं आत असलेल्या एका गावातून मला बोलावणं आलं. तिथे मिशनच्या काळातलं लहानसं चर्च आहे. काळा दगड, सात खिडक्या, सातही टोकदार कमानींच्या. वादळात कडुनिंबाची मोठी फांदी पडून एका खिडकीची कमान ढासळली होती. चर्चच्या पंचांपैकी काहींचं म्हणणं होतं की सिमेंटचा आडवा पट्टा टाकावा आणि अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवावी. पाळकसाहेबांना मात्र कमानच हवी होती. मी बेधडक वडिलांचं नाव पुढे केलं.

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी गोणपाटातल्या छिन्न्या बाहेर काढल्या. मग म्हणाले, "जातो. मी अजून गवंडी हाय का न्हाई, ते तरी कळंल."

मी त्यांना कागदावर कमान काढून दिली. तिची रीत सोपी असते. खिडकीच्या दोन्ही टोकांना एकेक खिळा ठोकायचा, दोरी धरून दोन्हीकडून गोलाई ओढायची. जिथे त्या भेटतात ते टोक. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी ती सरळ वर जाते. नगरकडची जुनी कमान दिसायला तशीच वाटते, पण तिला चार खिळे लागतात. तिचे खांदे फुगतात आणि टोक बेताचं राहतं. हा फरक मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. आबांना तो सांगायचं मला सुचलंच नाही. इतकी वर्षं कमानी बांधणाऱ्या माणसाला कमान काय सांगायची, असं वाटलं असेल. शिवाय परीक्षेचे पेपर तपासायचे होते, त्यामुळे बारा दिवस मी तिकडे फिरकलेच नाही.

सोमवारी गेले, तर कमानीखालचा लाकडी आधार काढून झाला होता. दगड अस्से बसवले होते की सांध्यात नख जाऊ नये. चुना घोटीव, कडा धारदार. आणि खांदे फुगलेले. टोक शेजारच्या खिडकीपेक्षा चांगलं चार बोटं खाली. सहा खिडक्या विलायतेच्या आणि सातवी निजामशाहीतली! माझा कागद त्यांच्या पिशवीत गुंडाळी करून तसाच होता. त्यांच्या हाताला कमान म्हणजे चार खिळे एवढंच ठाऊक होतं, आणि हाताने कागदाला विचारलं नव्हतं.

"कशी झाली?" आबांनी विचारलं.

"छान झाली," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मागे मागे जात पार रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून कमानीकडे बघत उभे राहिले.

पुढच्या तीन दिवसांत मी जी काही अक्कल पाजळली, तिची आजही लाज वाटते. पंचांची बैठक बसली. त्यांनाही फरक दिसत होताच, एक जण तर म्हणाला, "बाई, ही खिडकी खाली बसल्यासारखी दिसती." आता कमान उतरवायची की ठेवायची, हे माझ्या शब्दावर होतं. मी वर्गातलं सगळं तिथे ओतलं. कारागिराच्या हाताचं वळण, जिवंत चूक, इथल्या मातीची खूण! ऐकून ऐकून माणसं थकली आणि गुरुवारी 'राहू दे' म्हणाली. मी खुशीत बाहेर आले. आबा कडुनिंबाखाली हत्यारं धूत बसले होते.

"आबा, तुमची कमान राहणार. सगळे कबूल झाले."

"ऱ्हानार म्हंजी? पाडायचं चाललं हुतं व्हय?"

मी गडबडले. काहीबाही सांगायला लागले.

"चुकलीय का?" त्यांनी सरळ विचारलं.

"चुकली असं नाही. वेगळी झालीय. त्यालाही किंमत असते."

"तुला कवा कळलं?"

"सोमवारी."

"आन आज गुरुवार." त्यांनी छिन्नी पुसून खाली ठेवली. "मला शंका हुतीच. पर म्हनलं, पोरगी शिकलीय, चुकलं आसतं तर बोलली आसती. माझ्या हाताखाली कुनी चुकला तर मी काय म्हनायचो?"

"काढ म्हणायचात."

"मग मला का न्हाई म्हनलीस? कीव आली व्हय? कीव म्हाताऱ्याची करत्यात. गवंड्याला चूक दावत्यात."

मला रडू आलं. खरंच कीव आली होती. पुन्हा उतरवायची म्हटलं तर हे खचतील, गुडघे साथ देणार नाहीत, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझ्या लेखी ते कामाचे राहिलेच नव्हते; कौतुकाने बघावं अशी एक जुनी वस्तू झाले होते.

"रडू नगं. दाव कुठं चुकलंय."

मी पिशवीतला कागद काढला, भिंतीपाशी बसले आणि दाखवलं. दोनच खिळ्यांवर कमान उभी राहते यावर त्यांचा विश्वास बसेना. शेजारच्या खिडकीला दोरी लावून त्यांनी दोनदा ताडून पाहिलं. मग मान हलवली. "लई सोपं हाय की. उगाच चार मारत बसलो."

चुना अजून पुरता धरला नव्हता, हे नशीब. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधार उभा राहिला आणि वरचा, सगळी कमान धरून ठेवणारा चावीचा दगड त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. मी रजा टाकली. दोरीचं एक टोक माझ्याकडे असायचं. सहा दगड नव्याने घडवावे लागले. एकदा गोलाई केसभर हलली, तेव्हा मी म्हणाले, "आबा, चुकलं." ते चक्क हसले, "आता कसं!" आणि दगड परत खाली घेतला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा मोकळा मी पाहिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात माझा वर्ग मी तिथे नेला. आबांनाही बरोबर घेतलं. कारागिराचा हात कामात दिसला पाहिजे, हे मी तोवर सवयीने पुन्हा एकदा शिकवून बसले होते. एका मुलीने आबांना विचारलं, "आजोबा, यातली तुमची खिडकी कोणती?" चुन्यावर दोन पावसाळे गेले होते. आबा सातही खिडक्यांपुढून सावकाश चालत गेले, एकदोन ठिकाणी दगडावरून हात फिरवला आणि मागे वळले.

"पोरी, मला बी वळखंना," ते हसून म्हणाले. एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की आतून पाळकसाहेब बाहेर आले.