पाटाकडची हाक

पोरींना हाक न मारणारी आई मी आयुष्यात एकच पाहिली. मी तेव्हा मखमलाबादच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते, पंचवटीतून रोज सिटी बसने जायचे. शाळा सुटली की सगळ्या आया फाटकाशी उभ्या राहून ओरडायच्या. सरुबाई मात्र आत यायच्या. पोरांच्या गर्दीतून वाट काढत थेट रूपालीपर्यंत जायच्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. रूपाली वर बघायची, दप्तर उचलायची आणि दोघी चालू लागायच्या. मला सुरुवातीला वाटलं, बाई मुकी असणार.

मुक्या नव्हत्या. एकदा मोगऱ्याच्या कळ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि पाऊण तास बोलत बसल्या. पण पोरींना हाक का मारत नाहीत, हे त्यांनी मला सांगितलं ते चार वर्षांनी. तोवर आमची ओळख चांगली मुरली होती.

सरुबाईंचं माहेर नांदगावकडचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आल्या. नवरा भारत, दोन एकर जमीन. त्यात मोगरा, गलांडा ही फुलं आणि मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. मळ्यातच घर, आणि मळा जिथे संपतो तिथून धरणाचा पाट जातो. उजाडायच्या आत कळ्या खुडायच्या, भारतभाऊ त्या लुनावर घालून फूलबाजारात न्यायचे, आणि मग दिवसभर निंदणी, जुड्या बांधणं, शेळ्या, स्वयंपाक. दोन पोरी झाल्या, भाग्यश्री आणि रूपाली. त्या कशा वाढल्या ते सरुबाईंना नीटसं आठवतही नव्हतं. "पोरी म्हंजे दोन हातांना आणखी चार हात, एवढंच डोक्यात होतं बाई," त्या म्हणाल्या. "दिवसातून पन्नास हाका मारायचे. भागे, पाणी आण. रूपे, शेळी बांध. हाक म्हंजे काम."

ही गोष्ट पंच्याण्णवच्या एप्रिलमधली. रूपाली सहा वर्षांची, भाग्यश्री नऊ. सकाळची शाळा होती. दुपारी बाराच्या सुमाराला सरुबाई घरात भात वेळत होत्या आणि बाहेरून भाग्यश्रीची किंकाळी आली. त्या धावल्या. पोरी दारात नव्हत्या, जांभळीखाली नव्हत्या. पाटाच्या भरावावर दिसल्या. पाटाला पाणी सुटलं होतं, काठोकाठ चाललं होतं. रूपाली पाण्याकडच्या उतारावर उभी होती आणि भाग्यश्रीने तिचा फ्रॉक दोन्ही मुठींत धरून ठेवला होता.

सरुबाईंनी धाकटीला ओढून वर घेतलं आणि आधी एक चापट दिली.

"इकडं कशाला आली गं?"

"तूच बोलावलं ना," रूपाली रडत म्हणाली. "ये गं बाई, ये, असं म्हणली."

"मी घरात होते!"

रूपालीने पाटाच्या पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे बाभळी होत्या, ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

सरुबाईंना वाटलं, पोर मार चुकवायला सांगतेय. पण घरी येताना भाग्यश्री हळूच म्हणाली, "आई, मलापण ऐकू आलं. पण मला कळलं ती तू नाय ते."

"कसं कळलं?"

"आवाज तुझाच होता. पण तू अशी मायेनं नाय बोलवत."

 पाटाची भीती नंतर वाटली, सरुबाई मला म्हणाल्या. आधी हे वाक्य लागलं.

भारतभाऊ कोयता घेऊन पलीकडच्या काठाला फिरून आले. कुणी नव्हतं, पावलंही नव्हती. शेजारच्या मळ्यातल्या आक्काबाईंना विचारलं, तिथे कुणी बाई बुडाली होती का, कुणी जीव दिला होता का. आक्काबाई पाट खणत होते तेव्हापासूनच्या. त्या म्हणाल्या, "नाय गं. इथं कुणी मेलंबिलं नाय. काही असतं तर सांगितलं नसतं का?" कुणी मेलं असतं तर नारळ फोडून मोकळं होता आलं असतं. पण तेही नाही. भारतभाऊ म्हणाले, वारा असेल, पाटाखालच्या मोरीतून आवाज फिरतो. सरुबाईंनी ते मानायचं ठरवलं.

आठ दिवसांनी त्या गलांड्यात खाली वाकून निंदत होत्या. पोरी समोर जांभळीखाली खेळत होत्या, दिसत होत्या. दुपारची वेळ. वारा अजिबात नव्हता, फुलांचे देठसुद्धा हलत नव्हते. आणि पाठीमागून, पाटाकडून, त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला.

"रूपेऽ, ये गं बाई."

सरुबाईंचा हात आपोआप गळ्याकडे गेला. गळा स्तब्ध होता. ओठ मिटलेले होते. आवाजात भयंकर असं काही नव्हतं, हेच त्यांना भयंकर वाटलं. तान्ह्या पोराला दूध पाजून झाल्यावर बाई जशी बोलते तसा आवाज. कुठली घाई नाही, काम नाही. "बाई, माझेच पाय तिकडं वळले," त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं, जावं. मलापण कुणी असं बोलावलं नव्हतं कधी."

समोर रूपाली उठून उभी राहिली होती. खेळणं हातातच, मान पाटाकडे.

सरुबाई उभं पीक तुडवत धावल्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं की आपली हाक कुठली आणि ती कुठली, हे पोरीला कसं कळणार? त्यांनी जाऊन पोरीचा हात धरला.

त्या संध्याकाळी त्यांनी दोघींना समोर बसवलं. "आजपासून मी तुम्हाला हाकच मारणार नाय. काम असलं तर मी चालत येईन आन् हात लावीन. हाक आली, तर ती माझी नाय. कितीबी गोड असली तरी."

त्यांनी हे अकरा वर्षं पाळलं.

पोरी कुठे आहेत हे बघायला त्यांना दरवेळी जावं लागायचं. हातातलं काम टाकून, मळा ओलांडून. सुरुवातीला त्यांचा जीव मेटाकुटीला आला. पण हाक मारली की पोर हातातलं सोडून धावत येते. ती काय करत होती ते आईला कधी दिसत नाही. सरुबाईंना ते दिसू लागलं. भाग्यश्री मेथीच्या वाफ्यापुढे पट्टी घेऊन उभी राहायची आणि मेथीला सातचा पाढा म्हणायला लावायची. रूपाली शेळीच्या करडाच्या कानात काहीतरी सांगायची आणि मग त्याचं उत्तर ऐकायला स्वतःचा कान पुढे करायची. सरुबाई दहा पावलांवर थांबायच्या, बघायच्या, मग जवळ जायच्या. पुढे पुढे त्या थांबायच्याच जास्त.

भाग्यश्री तेरा वर्षांची असताना एकदा संध्याकाळी दिसेना. सरुबाई शोधत गेल्या तर कडब्याच्या गंजीमागे गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. परकराला डाग पडला होता आणि आपण आता मरणार अशी तिची खात्री झाली होती. सरुबाई तिच्याशेजारी बसल्या. शेळ्या ओरडत होत्या, चूल पेटवायची होती, तरी दिवस बुडेपर्यंत बसल्या. "हाक मारली असती तर डोळे पुसून आली असती बाई," त्या मला म्हणाल्या. "मला कळलंबी नसतं."

आणि ती पाटाकडची? ती होतीच. दर उन्हाळ्यात पाट सुटला की दोन-तीनदा यायची, नेहमी भरदुपारी. कधी रूपालीला बोलवायची, कधी भाग्यश्रीला. पोरी क्षणभर थांबायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि परत कामाला लागायच्या. "आली वाटतं," एवढंच म्हणायच्या. माणसाला कशाचीही सवय होते. पण एका वर्षी भाग्यश्री जुड्या बांधता बांधता म्हणाली, "आई, तिचं वय वाढत नाय का गं? तुझा आवाज आता जाड झाला. तिचा तसाच हाय."  त्या रात्री सरुबाईंनी भारतभाऊंना मळा विकून गावात राहायला जाऊ या का म्हणून विचारलं. भारतभाऊ हसले. त्यांना त्या अकरा वर्षांत एकदाही काही ऐकू आलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात भाग्यश्रीचं लग्न झालं. मुलगा कळवणचा, पंचायत समितीत नोकरीला. मांडव मळ्यातच घातला होता. मी लग्नाला होते, आणि यापुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

पाठवणी चारला होती. सुमो फुलांनी सजवून उभी होती. रडारड झाली, बँड वाजून थांबला. नवरदेव आत बसला. भाग्यश्रीने एक पाय गाडीत ठेवला आणि ती थांबली.

मला काही ऐकू आलं नाही. बँडने माझे कान बधिर झाले होते, त्यामुळे शपथेवर काही सांगता येणार नाही. पण मी तिघींना बघत होते. सरुबाई मांडवाच्या खांबाशी, रूपाली त्यांच्या मागे, भाग्यश्री गाडीपाशी. तिघींनी एकाच क्षणी मान वळवली. पाटाकडे. बाकी दोनशे माणसांपैकी कुणीच वळलं नाही.

भाग्यश्रीने पाय गाडीतून काढला. लोकांना वाटलं, पुन्हा आईच्या गळ्यात पडायला येतेय, त्यांनी वाट दिली. ती आईजवळ आली आणि आईच्या बाजूने पुढे गेली. शालू सावरत, मुंडावळ्या डुलत, गलांड्याच्या बांधावरून ती भरावाकडे चालू लागली. धावत नव्हती, झोपेतही नव्हती. ओळखीच्या घरी निघाल्यासारखी चालली होती. कुणीतरी म्हणालं, "पाटाला नमस्कार करायचा असेल." नवरदेव गाडीतून डोकावला. भराव पन्नास पावलांवर होता.

रूपालीने आईचा दंड धरला. "आई, हात लावायला पोचणार नाय तू."

सरुबाईंनी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसताच घोगरा श्वास बाहेर आला. मग त्यांनी हाक मारली. "भाग्यश्रीऽ!"

अकरा वर्षं हाकेला न वापरलेला तो आवाज फाटका निघाला. रडून बसलेला, जाडाभरडा. गोड म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण या हाकेला मांडवातली सगळी माणसं वळली.

भाग्यश्री थांबली. वळली. "ओ, आई," ती म्हणाली आणि मग मात्र ती धावत आली. दोघी खाली मातीत बसल्या. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. त्यांना ते नेहमीच्या पाठवणीतलंच वाटलं.

पाचपरतावनाला भाग्यश्री माहेरी आली तेव्हा सरुबाईंनी तिला विचारलं. ती म्हणाली, "ती तू नाय हे मला माहीत होतं. पण तिनं मला लहानपणापासून बोलावलं आन् मी एकदाबी गेले नाय. वाटलं, जाताना सांगून जावं."

सरुबाई त्यावर रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्या भरावावर गेल्या. लग्नातला एक खण, नारळ, मूठभर तांदूळ बरोबर नेले. ओटी भरायला समोर कुणी नव्हतं, म्हणून ते सगळं काठावर ठेवलं. "लेक सासरी गेली," त्या पाण्याला म्हणाल्या. "धाकटीला बोलवू नको. तिला मी बोलावते." पाणी भरून चाललं होतं आणि भरून चाललेल्या पाटाचा आवाज येत नाही.

घरी येऊन त्यांनी रूपालीला हाक मारली. काम काहीच नव्हतं. रूपाली आली आणि म्हणाली, "काय?" सरुबाई म्हणाल्या, "काय नाय. बस."

त्यानंतर पोरींना कधी हाक आली नाही. भाग्यश्रीला कळवणला मुलगा झाला. रूपाली नर्सिंगच्या कोर्सला गेली, सुट्टीत घरी यायची. मी सरुबाईंना शेवटची भेटले ती दोन हजार आठच्या मेमध्ये. रूपाली आदल्या दिवशीच आली होती, ओटीवर चटईवर झोपली होती. सरुबाई तिच्या उशाशी बसून विंझणवाऱ्याने वारा घालत होत्या. मी विचारलं, आता सगळं शांत आहे ना?

त्यांनी आधी पोर झोपली आहे का ते पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"गेल्या उन्हाळ्यापासनं मला बोलावती. 'सरूऽ' म्हणती. असं मला फक्त माझी आई म्हणायची, अन् ती मी चार वर्षांची असताना गेली. तिचा आवाज कसा होता ते मला ठाऊक नाय. आता असं वाटतंय की ठाऊक हाय."

"मग तुम्ही काय करता?"

"ऐकते," सरुबाई म्हणाल्या. "काम चालू ठेवते आन् ऐकते."

मी पाटाकडे पाहिलं. ऊन लखलखत होतं. रूपालीने कूस बदलली, डोळे न उघडता विचारलं, "आई, चहा ठेवला का गं?" सरुबाईंनी विंझणवारा माझ्या हातात दिला आणि त्या उठून आत गेल्या.