थोरलीचा मान, धाकटीची अंडी

माझी थोरली जाऊ गोड बोलून काटा काढते. बारा वर्षं सोसतेय मी. अंडी उबवून पिल्लं विकायचा आमचा घरचा धंदा. एकसारखी दोन मशीनं, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. चारचौघांत तिचं एकच पालुपद, "बिचारीच्या हाताला यशच नाही हो!" त्या 'बिचारी'ने माझं डोकं फिरतं.

यंदा सासऱ्यांनी एक मशीन विकायचं काढलं. जिचं जाईल ती कायमची स्वयंपाकघरात. मी म्हटलं, मोजूनच ठरवा. दोघींनी तीनतीनशे अंडी लावली. तिची शंभरात एक्क्याऐंशी पिल्लं निघाली, माझी बहात्तर.

धाकटे दीर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, "आधी फरक नाहीच असं धरायचं. मग निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरदा पाहून एखाद्या वेळी दिसते. खरा फरक दोन ते सोळा टक्क्यांत कुठेतरी असावा. शून्य, म्हणजे फरकच नसणं, त्यात बसत नाही, वहिनी."

थोरलीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वाईट वाटून घेऊ नकोस गं." तो हात पिरगाळावासा वाटला मला.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. टोपलीतून आधी अंडी कोण उचलतं? थोरलीचा मान ना! चांगली, टपोरी अंडी तिच्या ट्रेमध्ये, उरलीसुरली माझ्या.

"भाऊजी, फरक अंड्यांचा असेल तर?"

दीर ओशाळले. "हे मी आधीच विचारायला हवं होतं. फरक आहे एवढंच आकडे सांगतात, कशामुळे ते नाही."

पुन्हा तीनतीनशे लावली, या वेळी चिठ्ठ्या टाकून वाटलेली. पिल्लं निघेपर्यंत आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. तिची शंभरात शहात्तर, माझी पंच्याहत्तर.

"आता खरा फरक उणे सहा ते अधिक आठ टक्के," दीर म्हणाले. "शून्य मधेच आहे. फरक सिद्ध होत नाही."

"म्हणजे आम्ही दोघी सारख्याच?" थोरली फणकारली.

"तेही सिद्ध होत नाही."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. कुणाचं विकावं ते ठरेना, म्हणून दोन्ही मशीनं राहिली.

माझं वाचलं खरं, पण आनंद झाला नाही. सारखी अंडी मिळाली असती तर हिला धूळ चारली असती, या एका खात्रीवर मी बारा वर्षं काढली होती. आता मिळाली, आणि तेवढंही म्हणायची सोय उरली नाही.