भाऊंचे ग्रह

"थांब, एवढं बघून घिऊ," असं भाऊ म्हणाले की ओळखावं, आता घरी उशीर होणार. कामावरून परतताना त्यांच्या गाडीवर मागे मी असायचो. डोंगराकडे जाणारी एखादी अनोळखी पायवाट दिसली, की गाडी स्टँडला लावून भाऊ चालू पडायचे. वाट बहुतेक कुणाच्या तरी गोठ्यापाशी संपायची. तरी ते खुशीत परत यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात आम्ही एकाच लाइनवर होतो. बेडशाची लेणी उतरताना घसरून त्यांचा पाय मोडला आणि घरी पडून राहायची वेळ आली. वेळ जावा म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर नेऊन दिला. त्यात अंतराळाचा एक गेम होता. यान घेऊन ताऱ्यांमधून हिंडायचं. लढाया होत्या, व्यापार होता. भाऊंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुणीच न गेलेल्या ताऱ्यापाशी जायचं आणि बटण दाबून धरायचं. भोंग्यासारखा आवाज होऊन भोवतीचे ग्रह पडद्यावर उमटायचे. मग एकेकाजवळ जाऊन तो तपासायचा. त्यांचा खेळ एवढाच.

पाय बरा झाला, पण नाद सुटला नाही. जेवणाच्या सुट्टीत सांगायचे, "काल एक घावला. पानी हाय, तीन चंद्र हायेत. लय भारी."

"मग प्लॉट पाडायचे का, भाऊ?"

"नगं. तितं अजून एजंट पोचला न्हाई, तेच बरं."

बाकी बहुतेक ग्रह म्हणजे नुसते दगड. ते कशाला तपासता, असं मी विचारलं तर म्हणाले, "आरं, त्याला कुनी बघितलंच न्हाई अजून."

गेमचा नियम असा, की माहिती माघारी अंतराळस्थानकावर आणून दिली तरच शोधणाऱ्याचं नाव ग्रहाला लागतं. वाटेत यान फुटलं तर सगळं गेलं. भाऊ मात्र परत फिरायचं मनावर घेत नव्हते. तसेच पुढे जात राहिले, आणि एका सकाळी शेतावर छातीत कळ येऊन गेले.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. "कुटं पोचले व्हते वो ते?"

मी गेम उघडला. यान फारच लांब होतं. नियम सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग आना की माघारी."

मग रविवारी दुपारी जाऊन मी यान थोडं थोडं आणू लागलो. वहिनी शेजारी लसूण सोलत बसायच्या. एकदा मी एका ताऱ्याच्या फार जवळ गेलो. पडद्यावर धूर झाला, इशारे वाजू लागले. वहिनींनी माझा खांदा घट्ट धरला. "सावकाश, भावजी." कसाबसा निसटलो. यानाला तडे गेले होते.

शेवटी एकदाचं स्थानक आलं. उतरताना यान घासलं, पण उतरलं. माहिती दिली तसे ग्रह एकामागून एक सरकू लागले, आणि प्रत्येकापुढे भाऊंचं नाव. मी वाचत गेलो. वहिनी हात थांबवून ऐकत होत्या.

"त्यातला एक दावा की मला."

मी एक दाखवला. उघडा, तांबूस दगड, संथ फिरणारा. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.

"आपल्या माळावानीच हाय की," त्या म्हणाल्या. "एकलेच हिंडत व्हते व्हय तितं? बोलले असते, तर मी बी बसले असते शेजारी."