खळीच्या गाठी

मैदा शिजल्याचा वास आला की मला चर्चमधल्या रूथ मावशींचं माधव नगरातलं स्वयंपाकघर आठवतं. आज पोस्टरांसाठी खळ ढवळतानाही आठवलं.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ‘गटारात माणसं उतरवणं बंद करा’ अशी पोस्टरं आमच्या चर्चच्या सेवा मंडळाला फ्रीगंजच्या बाजारात लावायची होती. सहा वाजले, मावशींची प्रार्थनेची वेळ झाली, आणि त्यांनी खळीखालचा गॅस बंद करून दोन स्टुलं ओढली.

“मावशी, प्रार्थना नंतर करा ना! खळीच्या गाठी होतील.”

त्यांनी डोळे मिटले. “प्रभू, गुडघा फार दुखतोय. आणि ही पोरगी माझ्यावर भडकलीये. बरोबर आहे तिचं, गाठी होणारच.” मग मला म्हणाल्या, “आता तू बोल.”

मी सुरू केलं, “हे प्रभू, या शहरातल्या शोषित सफाई कामगारांना...”

“अगं, हे पत्रक झालं. ते तो वाचेल. तुझं काय चाललंय, ते सांग ना त्याला.”

कित्येक महिने मी त्याच्या नावानं घोषणा देत होते, पण त्याच्याशी बोललेच नव्हते. शेवटी “मी दमलेय” एवढंच तोंडून निघालं आणि रडू फुटलं. मावशींचा मैद्यानं भरलेला हात माझ्या पाठीवर होता. तेव्हा लाज वाटली होती. आता वाटतं, माझी पहिली खरी प्रार्थना तीच.

माणसं अजून गटारात उतरवली जातात, आणि माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. बाहेरून पोस्टरं लावणाऱ्या पोरांपैकी कोणीतरी ओरडलं, “दीदी, लेई बनी क्या?” इथं हिंदीत खळीला लेई म्हणतात.

“रुको, आज गांठें पड़ेंगी,” म्हणत मी गॅस बंद केला आणि स्टूल ओढलं.