वाकडा पोहणारा मासा

आमच्या हेडमास्तरांनी कॅम्पातल्या एका कर्नलसाहेबांना परस्पर शब्द दिला, की आमचे ड्रॉइंग मास्तर, म्हणजे मी, गळाला लावायचा लाकडी मासा करून देतील. शाळेच्या गॅदरिंगला अध्यक्ष म्हणून साहेब हवे होते. साहेबांकडे विलायतेहून आलेली पेटी होती. आत मखमलीवर खोटे मासे संस्थानिकाच्या दागिन्यांसारखे ओळीनं निजवलेले. मलप्रभा नदीतले मासे त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

मी जन्मात मासा खाल्लेला नव्हता, पण चित्र येतं म्हणजे सगळं येतं असा माझा समज होता. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरलं, मिठाईवाल्याकडचा चांदीचा वर्ख चिकटवला, वरून लाखेचा हात दिला. बाहेर जिवंत दिसायचा. पाण्यात टाकला की लाकूड.

मासे पोहतात कसे ते बघायला मी खानापूरच्या बाजूला, नदीकाठच्या एका देवळापाशी जाऊ लागलो. तिथल्या डोहातले मासे देवाचे, त्यांना कोणी धरत नसे. म्हातारा गुरव लाह्या टाकायचा आणि हात-हात लांबीचे मासे पायरीला येऊन भिडायचे.

"मास्तर, ह्यो कशाला केलाईसा?" त्यानं एकदा विचारलं.

"शाळेत पोरांना दाखवायला, आप्पा."

त्यानं माझा मासा दोऱ्यानं पाण्यातून ओढून पाहिला आणि हसला. "लई सरळ पोवतोय ह्यो. वरातीतल्या नवरदेवावानी! ह्येला कोन खातंय? जखमी मासा बघा, एका अंगावर कलतोय, वाकडा जातोय. मोठा मासा त्येच्याच मागं लागतोय."

इतकं मन लावून ऐकणारा त्याला बऱ्याच दिवसांनी मिळाला असावा. सगळं सांगितलं त्यानं. मी तांबटाकडून पितळेची पट्टी आणून माशाच्या गळ्याखाली तिरकी बसवली, एका कुशीला शिशाचा थेंब भरला. मासा लंगडत पोहू लागला. इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

देताना मी साहेबांकडून वचन घेतलं, देवाच्या डोहात गळ टाकायचा नाही. साहेब शब्दाला पक्के निघाले. डोहाच्या हद्दीचा दगड ओलांडून पन्नास पावलं खाली उभे राहिले. ती हद्द फक्त माणसांना ठाऊक होती. एका सकाळी सात मासे लागले. खानसाम्यानं पोटं फाडली तर आत लाह्या. साहेबांनी ही गंमत गॅदरिंगच्या भाषणात सांगितली. टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी सर्वांत जास्त वाजवल्या.

त्या रविवारी मी डोहावर गेलो.

"आप्पा, तो मासा साहेबासाठी होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ठावं हाय. सायबाचा शिपाई बोललाय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी सांगितलं म्हनूनशान जमलं, न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"माझ्या भरवशावर मानसाला भ्यायचं सोडलं ह्यांनी. आता ह्यास्नी भ्यायला कोन शिकवनार? तुमी?"

तो पायऱ्या उतरला. मुठीत खडे होते. त्यानं ते सगळ्या ताकदीनं पाण्यावर मारले. पाणी उसळलं, आणि जिथं जिथं उसळलं तिथं मासे तोंडं उघडून धावत आले.